शोभाच्या जंतूंचा पंप

लॅबमध्ये जंतू वाढायला एक रात्र लागते. किस्से मात्र चहा उकळेपर्यंत वाढतात! परभणीच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही तिघं. मी, राणीसावरगावची शोभा कांबळे आणि आम्हा दोघांचे गाईड देशमुख सर. शोभाची पीएच.डी. म्हशीच्या दुधातल्या जंतूंवर. हे बेटे कुठलंही अँटिबायोटिक आत आलं की पंप लावल्यासारखं बाहेर फेकतात. किती वेगानं फेकतात, ते ती मोजायची.

*

पिंगळीचे एक शेतकरी दुधाचा नमुना घेऊन आले. म्हशीची कास सुजलेली, इंजेक्शनं देऊन गुण नाही. सरांनी फळाभर चित्रं काढून त्यांना पंप समजावला. सगळं ऐकून पाहुणे म्हणाले, "म्हंजी म्हशीवानीच की! तिलाबी गोळी दिली की थुकून टाकती!"

तेव्हापासून सर वर्गात हेच उदाहरण द्यायला लागले.

*

मोजायची रीत अशी. आधी जंतूंना उपाशी ठेवायचं, म्हणजे पंप थंडावतो. मग औषधाऐवजी चमकणारा रंग द्यायचा. तो आत साचला की मशीनच्या कागदावर रेघ वर चढते. मग ग्लुकोज पाजायचं. पोटात पडलं की पंप सुरू, रंग बाहेर, रेघ खाली! रेघ जितकी झरझर खाली, तितकी शोभा खूश.

सरांची चतुर्थी आणि जंतूंचा उपास एकाच दिवशी आला, की ती मला दारातच बजावायची, "आज दोघंबी उपाशी हायेत. जंतू काई बोलत न्हाईत, सरांपासून जपा!"

*

परभणीचा मे महिना. शोभाचं ग्लुकोज आम्हीच माठातल्या पाण्यात टाकून प्यायचो. वैतागून तिनं बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं. माझी तर हात लावायची छाती होईना.

थोड्याच दिवसांत सर मिशा पुसत आले, "शोभा, विष संपलंय गं. नवीन मागव!"

*

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा. अशाच एका बंदला शोभाचे जंतू नेमके मोजायला तयार! सर स्कूटर काढून स्वतः तिला आणायला गेले. चौकात पोरांनी अडवलं, "बंद हाय, माहीत न्हाई का?"

"मला हाय," सर म्हणाले, "जंतूंला तुमी सांगून बघा. ते थांबले तर आमीबी घरी बसतो!"

पोरांनी हसून वाट दिली. सरांचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

*

शेवटी परीक्षक आले. माणूस कडक. "पंप माझ्यासमोर चालला, तरच डिग्री," म्हणून बसले. इतक्या वर्षांची मेहनत त्या एका रेघेवर आली. शोभाचे वडील गावाहून आले होते. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले आबा धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाकावर बसले. कधी कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस!

रेघ वर चढली, तसा आबांचा चेहरा खुलला. शोभानं ग्लुकोज सोडलं. रेघ थबकली. आणि घसरली ती थेट तळाला! सरांना राहवेना, त्यांनी टाळी वाजवली. मग मी, मग खुद्द परीक्षक. शोभा रडायलाच लागली.

तोच मागचा बाक कर्रकन सरकला.

"पोरीची रेघ खाली पडायलीय, पोरगी रडायलीय," आबा गरजले, "अन् तुमी टाळ्या वाजवायलाव? शिकलेली माणसं ना तुमी!"