उतरलेल्यांची नोंद काढणाऱ्या वहिनी

राजगडाच्या पायथ्याला पालीत आमच्या खानावळीशेजारी गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या लावून घेणाऱ्या एक वहिनी आहेत. पुण्यात प्रोग्रॅमिंग शिकून लग्नानंतर त्या इथं आल्या. वर जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल नंबर आणि त्यापुढं नाव त्या लॅपटॉपवर घेतात. प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलाय. अशा कंसात मांडलेल्या नोंदींना डिक्शनरी म्हणतात म्हणे. माणूस उतरला की नंबर टाकून त्याची नोंद काढून टाकायची. नोंद निघताना त्यातलं नाव स्क्रीनवर उमटतं, आणि वहिनी ते उखाणा घ्यावा तशा मोठ्यानं वाचतात.

परवा काही पोरं उतरली. एक म्हणाला, "आमचा मित्र मागून येतोय. त्याचीपण नोंद काढून टाका."

"माणूस दिसल्याबिगर न्हाई काढत मी," वहिनी म्हणाल्या. ऊन कलायला लागलं तसं त्यांनी दिराला वर पिटाळलं. मित्र पाय मुरगळून वाटेत बसला होता आणि त्याचा मोबाईल बंद पडला होता. दिरानं त्याला आधार देत खाली आणलं.

वहिनींनी लॅपटॉप त्याच्यापुढं सरकवला. "तुमीच काढा तुमची नोंद."

त्यानं नंबर टाकला. शेवटचं नाव निघालं, आता स्क्रीनवर नुसता रिकामा कंस उरला.

"भावजी, समदे उतरले वो!" वहिनी टाळ्या वाजवत मला ओरडल्या. "पिठलं टाका!"

त्या आनंदात मी पिठल्यात दोनदा मीठ घातलं. तरी सगळ्यांनी मागून मागून खाल्लं.