पेटीवरची मासोळी

कागदी मतपत्रिकांचे दिवस होते. वरकुट्यात ग्रामपंचायतीची अटीतटीची निवडणूक झाली. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष म्हणून मी मतपेटीच्या दोरीवर लाख ओतली. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही तिच्यावर आपला ठसा उमटवता येई. एकाने नाव कोरलेली जाड अंगठी दाबली आणि विरोधी बाजूच्या बाईंना हसत विचारलं, "तुमचा शिक्का कुठाय?"

लाख थिजत चालली होती. बाहेर गलका वाढला. बाई खाली बसल्या आणि पायाच्या बोटातली मासोळी ओढू लागल्या. लग्नापासूनची, निघेना. बोट सोलवटलं तेव्हा निघाली. लाखेवर मासा उमटला.

इंदापुरात मोजणीलाही माझीच नेमणूक होती. बाई पुढं झाल्या, सगळ्यांना थांबवलं आणि मासोळी त्या ठशात बसवून पाहिली.

"माझाच हाय," त्या म्हणाल्या. "आता फोडा."