गाडीपाशी नेलेलं मत

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कशावर ठरतो, याचं उत्तर टीव्हीवरच्या कोटवाल्या मंडळींकडे कायम तयार असतं. अंड्यांचा भाव, पेट्रोलचा भाव, उपनगरांतल्या बायका, कॉलेजात गेलेले आणि न गेलेले. आमचं विस्कॉन्सिन राज्य इकडे झुकणार की तिकडे, यावर तर त्यांचा घसा बसेपर्यंत काथ्याकूट चालतो. आर्लिस नायगार्डला हे ऐकलं की चीड यायची. "जो आला त्याचं मत पडलं, जो घरी बसला त्याचं नाही. एवढ्यासाठी एवढी बडबड!" असं म्हणून ती टीव्ही बंद करायची आणि निवडणुकीच्या दिवशी टाऊन हॉलवर न्यायचा भोपळ्याचा केक भट्टीत सरकवायची.

आर्लिसनं उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली. बेल प्रेअरी गावातल्या कुठल्या घराचं कुत्रं चाकामागे धावतं आणि कुठल्या पोराच्या डब्यात नुसताच पाव असतो, हे तिला पाठ होतं. नवरा गेला, बसचं कामही सुटलं, तेव्हा रिकामं घर खायला उठू नये म्हणून तिनं मतदानाचं काम धरलं. टाऊन हॉल म्हणून वापरात असलेल्या पत्र्याच्या लांबट शेडमध्ये एका अंगाला बर्फ ढकलायचा ट्रक असे आणि दुसऱ्या अंगाला टेबलं. एका टेबलाशी तिच्या पक्षाकडून ती आणि दुसऱ्या पक्षाकडून ड्वेन प्रॉकनाव. ड्वेननं जन्मभर दुधाचा टँकर हाकला होता.

"तुझ्या माणसाला पाडायला अंधारात उठून आलोय बघ," तो सकाळी म्हणायचा.

"ये बाबा, बस. तुझं मत खोडायला माझं एकटीचं पुरे आहे. आधी केक खा."

ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांनी गाडीतच बसून मत द्यायचं, अशी इथे सोय आहे. दोन्ही पक्षांचं एकेक माणूस मतपत्रिका घेऊन गाडीपाशी जातं, असा नियम. पण ड्वेनचा गुडघा कामातून गेला तेव्हापासून तो दारात उभा राहून बघायचा आणि पायऱ्या उतरून आर्लिस एकटीच जायची. हे नियमात बसत नव्हतं, गावात बसत होतं. ड्वेन दारात आहे म्हणजे तो सोबतच आहे, असं सगळे धरून चालत. चूक म्हणाल तर ती हीच, आणि एकमेकांना ओळखणारी माणसंच ती करू जाणोत.

या वेळी सकाळपासूनच काहीतरी बिनसलेलं होतं. रस्त्यापलीकडे पिकअप गाड्यांची रांग लागली होती, इंजिनं चालू. कायद्यानं जितकं लांब राहायला हवं तितक्याच लांब काही पुरुष नुसते उभे होते. घोषणा नाहीत, पाट्या नाहीत. त्यांच्यात ड्वेनचा जावईही होता. बायको गेल्यापासून ड्वेन त्याच्याच घरी राहत होता. लोक येत, मत देत आणि मान खाली घालून निघून जात. केकला कुणी हात लावला नाही, तेव्हा आर्लिसनं तो झाकून ठेवला.

मग मिसेस लिंडक्विस्टची गाडी आली. गावातल्या निम्म्या लोकांना वाचायला शिकवलेली ही बाई आता नाकात प्राणवायूची नळी घालून बसली होती. आर्लिस नेहमीसारखी खाली गेली. दारातून ड्वेननं हात हलवला, तिनंही हलवला. बाईंनी मतपत्रिकेवर खुणा केल्या, मत यंत्रात पडलं, झालं.

झालं कसलं! रस्त्यापलीकडून कुणीतरी फोनवर ते टिपलं होतं. दुपारच्या आत चित्रफीत गावभर आणि गावाबाहेरही फिरली. म्हातारी बाई, मतपत्रिका आणि आर्लिस एकटी, जणू बाईंचं मत तीच देतेय. दार त्यात दिसतच नव्हतं. हॉलमधला फोन वाजू लागला. मतदानाची जबाबदारी असलेली गावची क्लार्क मार्ला एकेक फोन घ्यायची आणि तिचा चेहरा उतरत जायचा. शेवटी तिनं रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

"काय म्हणतात?" आर्लिसनं विचारलं.

"तुझ्या घराचा रंग कुठला आहे ते सांगत होता एक जण. बरोबर सांगत होता."

ड्वेननं एक वाक्य बोलायचा अवकाश, सगळं मिटलं असतं. तो दुसऱ्या पक्षाचा, म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत. मार्लानं सगळ्यांसमोर विचारलं, "ड्वेन, तू दारात होतास ना?"

ड्वेननं खिडकीबाहेर पाहिलं. जावई हाताची घडी घालून आतच बघत होता.

"मी... कॉफी ओतत होतो," ड्वेन म्हणाला. "मला काही दिसलं नाही."

"ड्वेन, अरे, हात हलवलास तू मला!"

"नसेल गं. मला आठवत नाही."

आर्लिसला राग आला नाही, त्याची भीती वाटली. बाहेरच्या माणसांची वाटली त्याहून जास्त.

तेवढ्यात एक बाई आत आली. वर्जिल टेस्कची बायको. "वर्जिल गाडीत आहे, झटक्यानंतर डावी बाजू अजून उचलत नाही त्याची. कोण येतंय?"

कुणी उठलं नाही. ज्यांना उठता आलं असतं ते आपापल्या टेबलाकडे बघत राहिले. आर्लिसनं मतपत्रिका उचलली. "चल ड्वेन. माझा खांदा धर, हळूहळू उतरू. पण गाडीपर्यंत ये."

ड्वेन बसूनच राहिला. "गुडघा..." तो पुटपुटला.

"मग मी एकटी जाऊ शकत नाही," ती म्हणाली. नियम तिनं आज पहिल्यांदाच तोंडानं उच्चारला.

वर्जिलच्या बायकोनं दोघांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिनंही ती चित्रफीत पाहिली असावी. "राहू दे, आर्लिस. तुला आणखी त्रास नको, आणि आम्हालाही."

ती गेली. आर्लिस दारापर्यंत आली. वर्जिल लहानपणी तिच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसायचा. गाडी वळताना त्यानं काचेतून उजवा हात वर केला. आर्लिसनं आधी रस्त्यापलीकडे पाहिलं आणि स्वतःचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.