जळालेल्या वायरचा वास

माझ्या नवऱ्याला व्हिस्की आवडत नव्हती. एवढं साधं वाक्य, पण त्याच्या दहाव्यापर्यंत मी ते कुणासमोर उच्चारलं नव्हतं. त्यावरून मला आधी माझाच राग येतो, मग माझ्या दिराचा येतो, आणि मग त्या सगळ्यांचा, जे आमच्या घरी भेटायला आले, चहा प्याले आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या 'दारूनं गेला बिचारा' असं म्हणाले.

व्हिस्की मला आवडते. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. पण नाक तिथलं नाही, ते वडिलांचं आहे. ते हळद करायचे. मोंढ्यात माल नेण्याआधी दोन ढिगांतली हळकुंडं माझ्या नाकाशी धरून विचारायचे, कुठली नीट शिजली आणि कुठली घाईत काढली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझं उत्तर सहसा चुकत नसे आणि ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. त्याच नाकानं पुढे मी काय काय हुंगलं हे कळलं असतं तर त्यांनी कौतुक केलं असतं की नाही, कोण जाणे.

पहिली व्हिस्की मी लग्नानंतर प्याले, आणि ती नवऱ्यानंच आणली. एका प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेले होते, तिथे एका मैत्रिणीच्या घरी नुसता ग्लास हुंगला आणि परत आल्यावर आठवडाभर त्या वासाबद्दल बोलत राहिले. तो जिल्हा कचेरीत नोकरीला होता. एका संध्याकाळी कापडी पिशवीतून बाटली घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, घे, एकदाचं तुझं समाधान होऊ दे. ती आपल्याकडची साधी व्हिस्की होती. स्पिरिटचा वास, वर करपलेली साखर. मला ती आवडली नाही, पण ती का आवडली नाही हे मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. तेव्हापासून शनिवार ठरला.

शनिवारी सात वाजता, जेवणाआधी, दोन बाटल्या शेजारी शेजारी. प्रत्येकीचा एक लहान घोट. पाण्याचे थेंब टाकायला मी नवाकोरा ड्रॉपर आणून ठेवला होता, कारण थेंबभर पाण्यानं वास उलगडतो आणि चमचाभर पाण्यानं मरतो. एक वही होती. तिच्यात दोन रकाने, एक माझा, एक त्याचा. त्याच्या हृदयाची झडप लहानपणीच्या तापानं खराब झालेली होती. तो ताप गावात कुणी मनावर घेतला नव्हता. त्यामुळे तो नुसती जीभ ओली करायचा आणि मग शेंगदाणे खात माझ्याकडे बघत बसायचा. तो बसायचा तो माझं ऐकायला.

मुलगी पुण्याला नोकरीला लागली, कामानिमित्त परदेशी जाऊ लागली, आणि आमच्या कपाटात स्कॉच आली. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेली पहिली स्कॉच मी हुंगली तेव्हा मनुका, खारीक आणि बंद सागवानी कपाट असं एकदम नाकात आलं. मी पानभर लिहिलं. त्यानं लिहिलं, 'श्राद्धाच्या खिरीसारखी. बरी.' अमेरिकेची मक्याची व्हिस्की मला जरा जास्त गोड वाटली, तिच्याखाली त्यानं 'लेकरांचं खोकल्याचं औषध' असं लिहिलं. आयरिश इतकी गुळगुळीत आणि सभ्य निघाली की मला तिचा कंटाळा आला. त्याला तीच त्यातल्या त्यात पटली, कारण ती त्याच्या मते पाण्याच्या सर्वांत जवळ होती. जपानीबद्दल त्यानं 'नवीन वहीचा वास' लिहिलं, आणि ते माझ्या पानभर मजकुरापेक्षा अचूक होतं. गोव्याकडच्या एका मॉल्ट व्हिस्कीनं मात्र मी चकित झाले. आपल्या उन्हात पिंपातली दारू भराभर मुरते, बरीचशी उडूनही जाते, आणि जे उरतं त्याला आंब्याच्या साठासारखा दाट वास येतो. स्कॉचच्या मुलखातल्या थंडीत बारा वर्षांत जे होतं, ते इथे चार-पाच वर्षांत उरकतं.

आणि मग तिथल्याच एका बेटावरची धुरकट स्कॉच. तिकडे दलदलीतली माती कापून, वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर सातू सुकवतात. हुरड्याच्या आगटीवर कुणी आयोडिनची बाटली सांडावी तसा वास. मी डोळे मिटून दहा मिनिटं बसले होते. तो खिडकी उघडायला उठला होता.

आता त्याचं नाव कसं खराब झालं ते सांगते. स्टेशनकडच्या दारूच्या दुकानात बाई, तीही कॉलेजातली मॅडम, पाऊल ठेवू शकत नव्हती. तो जायचा. राजरोस जायचा, पिशवी हलवत यायचा. कुणीतरी बघायचं. गावी, शिरड शहापूरला, बातमी पोचायची. एकदा दीर घरी आला, त्यानं कपाटातल्या बाटल्या बघितल्या आणि भुवया उंचावल्या. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, माझा छंद आहे रे. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे उभं राहून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची आज मला लाज वाटते. मग तेच चालत राहिलं. त्यानं खोटं बोलायचं आणि मी पोहे आणायचे.

दिराला त्या छंदाचा तिटकारा होता असं मात्र नाही. प्रत्येक दिवाळीला तो कपाटासमोर उभा राहून बोट दाखवायचा. एकदा त्यानं अठरा वर्षांची स्कॉच मागितली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्यात काळं कोल्ड्रिंक ओतलं, ग्लास काठोकाठ. वर चिवड्याची फक्की मारली आणि म्हणाला, दादा, दम न्हाई हिच्यात. मी दाराशी तांब्या घेऊन उभी होते. त्या बाटलीतल्या घोटात मी पाणीही ड्रॉपरनं थेंब मोजून टाकलेलं. तो गावी गेला आणि त्यानं सांगितलं की दादा फार प्यायला लागला.

माझ्या निवृत्तीला तीन आठवडे होते तेव्हा नवरा गेला. हृदयाच्या झडपेनं नेलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की इतकी वर्षं ती टिकली हेच नवल. मी ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. लोक मान हलवायचे आणि नजर कपाटाकडे जायची. त्या कपाटात तेव्हा एक बाटली न उघडलेली होती. तीच बेटावरची, धुरकट, त्या जातीतली सर्वांत जुनी. मुलीला फोन करून त्यानंच मागवली होती. निवृत्तीच्या दिवशी उघडायची असं ठरवून त्यानं तिच्यावर माझं नाव लिहून चिठ्ठी चिकटवली होती. कपाट लोकांना दिसतं म्हणून ती चिठ्ठी मी काढून टाकली. हेही मीच केलं.

दहावा गावाच्या ओढ्याकाठी होता. पिंड दिरानं दिला. मुलीला मागे उभं केलं, तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते. पत्रावळीवर पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. समोर बाभळीवर पाच-सहा कावळे होते. एकही खाली उतरेना. दीर हात जोडून सांगू लागला, दादा, वहिनीची काळजी करू नको, पोरीची करू नको, शेताचं बराबर होईल. कावळे ढिम्म. ऊन चढलं. बायका कुजबुजू लागल्या की इच्छा राहिली.

तेव्हा दीर गाडीकडे गेला आणि पिशवी घेऊन आला. त्यानं पिशवीतून बाटली काढली. माझी. हिंगोलीहून निघताना त्यानं कपाट उघडून ती घेतली होती, मला विचारलं नव्हतं. दादाचा जीव ह्याच्यात अडकला, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. दोन-तीन पुरुष मिशीत हसले. म्हाताऱ्यांनी जाणत्यासारख्या माना डोलावल्या. त्यानं झाकण पिरगाळलं, सील तुटलं, आणि द्रोणात ओतून त्यानं तो पिंडाशेजारी ठेवला.

वारा माझ्याकडे होता. धूर, आयोडिन, मीठ आणि खाली कुठेतरी भाजलेल्या लिंबाची साल. नवऱ्याच्या पिंडासमोर उभी असताना मला तो वास आवडला. छाती भरून आवडला. आणि त्याच श्वासात रागही आला. दर वेळी ज्या वासाला त्यानं खिडकी उघडली, तो आता त्याच्या उशाशी ठेवला होता, आणि जमलेले शंभर लोक त्याला दारुडा समजून समाधानानं बघत होते. मी गप्प राहिले असते तर ते कायमचं झालं असतं.

मी पुढे गेले आणि द्रोण उचलला.

"भाऊजी, ही बाटली माझी हाय."

"वहिनी, आता तुमची-आमची काहून करून राहिल्या? दादाची व्हती, दादाला देऊन राहिलो."

"त्यांची न्हाई. कपाटातल्या सगळ्या माझ्या. पिणारी मी. त्यांना हा वास सहन व्हत नव्हता."

 दिरानं आवाज खाली आणला.

"वहिनी, लोक हायेत."

"म्हणूनच सांगून राहिले."

 मी द्रोण ओढ्याच्या वाळूत रिकामा केला, बाटलीला झाकण लावलं आणि ती मुलीच्या हातात दिली. नंतर आम्ही आणखी अर्धा तास थांबलो. कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे आंघोळीला गेले. मी केमिस्ट्री शिकवलेली बाई, माझा कावळ्यावर विश्वास नाही, पण निघेपर्यंत माझी नजर त्या बाभळीवरून हलली नाही.

बातमी माझ्याआधी हिंगोलीत पोचली. आता लोक म्हणू लागले की बाईच पीत होती, तो देवमाणूस, तिच्यापायी झिजून गेला. कावळासुद्धा तिच्यामुळे शिवला नाही. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. ज्या सरांनी स्वतः वर्षानुवर्षं धाब्यावर बसून अख्ख्या बाटल्या संपवल्या, त्यांनी मला 'मॅडम, या वयात?' असं विचारलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कोणत्या वयात सोडली? ते चिडले. चिडू देत. दोष कुठल्या तरी डोक्यावर जाणारच होता, निदान आता तो त्याच्या डोक्यावर नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषण फार लांबलं नाही. घरी आले आणि वही काढली. ज्या शनिवारी आम्ही ती धुरकट स्कॉच पहिल्यांदा घेतली होती, ते पान उघडलं. माझा रकाना भरून वाहत होता. त्याच्या रकान्यात त्याच्या तिरप्या अक्षरात तीनच ओळी होत्या. ते पान मी ब्लेडनं कापलं आणि हार घातलेल्या त्याच्या फोटोशेजारी भिंतीवर लावलं, येणारा माणूस जिथे चहाला बसतो त्याच्या बरोबर समोर.

संध्याकाळी दीर आला. निवृत्ती आहे, वहिनी एकटी आहे, म्हणून आला असं म्हणाला. कदाचित खरंच त्यासाठी आला असेल. खुर्चीवर बसायच्या आधी त्याची नजर भिंतीवर गेली. अक्षर त्यानं ओळखलं, लहानपणी त्याची पाटी ह्याच हातानं गिरवून घेतली होती. त्यानं उभ्यानंच वाचलं.

'जळालेल्या वायरचा वास. मला परत नको. तिला मात्र आणत जावी.'

त्यानं ते परत एकदा वाचलं. मग खाली बसला. फरशीकडे बघत म्हणाला, "चहा टाका, वहिनी."

मी चहा टाकला नाही. सात वाजले होते. मी कपाट उघडलं, त्यानं ओढ्याकाठी उघडलेली बाटली काढली, एक ग्लास घेतला, ड्रॉपर घेतला आणि त्याच्यासमोर बसले. दोन थेंब पाणी टाकलं. वास खोलीभर झाला. दिरानं नाकाला रुमाल लावला. मग तो उठला आणि त्यानं खिडकी उघडली.