दुर्बिणीच्या आरशावरचं कुंकू

धायरीतल्या आमच्या गच्चीवरून शनीची कडी दिसतात, हे सोसायटीत कोणालाही सांगून बघा. "हो का?" म्हणून माणूस लिफ्टमध्ये शिरतो. घरातही तेच. दुर्बिणीचा आरसा मी आठ महिने काचेवर काच घासून हातानं घडवला, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, विकत नाही मिळत का?" मी आफ्रिकी ढोलांचं रेकॉर्डिंग लावलं की ती उठून स्वयंपाकघराचं दार धाडकन लावून घ्यायची.

एका खंडेनवमीला कामावरून घरी आलो. तिनं स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन यांच्याबरोबर त्या वर्षी माझी दुर्बीणही पुजली होती. नळीतला आरसा काढून ओल्या फडक्यानं लख्ख पुसला होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचं फूल. चंदेरी मुलाम्यावर ओरखडेच ओरखडे. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'अडाणी' हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द. ती झेंडूचं फूल उचलून आत गेली.

मुलामा महिन्याभरात नवा चढवून मिळाला.

यंदाच्या खंडेनवमीला माझ्या लॅपटॉपलाही कुंकू लागलं. दुर्बीण कोपऱ्यात तशीच. विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या त्या वस्तूला मी हात लावत नाही."

संध्याकाळी मी मुद्दाम ढोल मोठ्यानं लावले. ती दार लावायलाही उठली नाही.