वाटणापायी जलसमाधी

माझ्या सासूबाईंनी मला तोंडवलीसमोरच्या समुद्रात बुडवलं, आणि तेही मालवणच्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून. आठवलं की अजून डोकं तापतं.

मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसची, परीक्षा पास झालेली बाई. (आळीत पहिली! कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.) माझ्या हातातला वायरलेस मी कुठे आहे ते उपग्रहांवरून ओळखून थोड्या थोड्या वेळाने हवेत सांगत राहतो, घरातली गेटवेची पेटी ते ऐकते आणि इंटरनेटवर टाकते. मग नकाशावर माझा ठिपका सरकताना साऱ्या जगाला दिसतो. त्या दिवशी पेटीला समुद्रातलं कितपत ऐकू येतं ते बघायला मी माझ्या भावाच्या, बाबीच्या, होडीतून निघाले. सासूबाईंच्या हातात टॅब दिला.

"आई, ठिपको सरकता तवसर मी खुशाल."

"आणि थांबलो तर?"

"तर काळजी करा!" मी थाटात म्हणाले. फोन मुद्दाम घरीच ठेवला. वायरलेसवाल्या बाईला फोन कशाला?

थोड्या वेळाने सासूबाईंना कढीचं वाटण काढायचं होतं. मिक्सरचा पॉइंट पेटीने अडवलेला. त्यांनी पेटीची पिन उपटली, मिक्सरची लावली, वाटण गंधासारखं वाटलं आणि टॅब घेऊन बसल्या. ठिपका हलेना! भर समुद्रात थांबलेला! त्यांनी घाबरून मला फोन लावला. तो त्यांच्याच शेजारी खोबऱ्याच्या डब्यावर वाजला. (तरी त्यांनी तो उचलून "हॅलो" केलं!)

मी मात्र तोंडवलीला बाबीच्या घरी उतरून, सोलकढी पिऊन, होडी तिथेच ठेवून त्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. बघते तर अंगण माणसांनी भरलेलं.

"अगो, तू जिती आसस?" सासूबाई किंचाळल्या.

"मी कधी मेलंय?"

"ठिपको थांबलो ना गो!"

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि ती पिन लोंबकळताना बघितली.

"आई, पेटयेची पिन कोणी काढल्यान?"

"मियांच काढलंय. वाटाप काय हातान वाटू? तू लायटीर चलतस तां माका काय ठाऊक?"

"आणि हे खंय गेले?"

"तुका सोदूक. शेजाऱ्यांच्या होडयेन."

माझा राग जागच्या जागी गोठला. आमचे हे मूळचे समुद्रापासून लांबच्या नांदगावचे. आयुष्यात घोट्यापेक्षा खोल पाण्यात गेले नाहीत, पोहता येत नाही, आणि भरतीची वेळ! बाबी किनाऱ्यावरची एक होडी मागून घेऊन त्यांच्यामागे सुटला. मी किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत सासूबाईंना, मिक्सरला, ह्यांना आणि शेवटी उपग्रहांनाही शिव्या घातल्या. ह्यांना काही झालं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार शिव्यांनीही हटत नव्हता.

दोन्ही होड्या परत आल्या. हे एकीच्या तळाशी आडवे, चेहरा कच्च्या कैरीसारखा. मला बघून उठून बसले आणि ढसाढसा रडले. मीही रडले. मग त्यांना राग आठवला.

"जिती आसस तर एक फोन करूक काय झाला होता?"

"फोन घराक होतो!"

"मगे घराकडसून करूचो!"

"मी घराक इलंय तेव्हा तुमी समुद्रात!"

ते यावर काहीतरी जबरदस्त बोलणार होते, पण आधी उलटी झाली.

घरी पोचल्यावर सासूबाई ह्यांच्यावर, हे माझ्यावर आणि बाबी डिझेल जळालं म्हणून आम्हा सगळ्यांवर ओरडत होता. मी पेटीची पिन परत लावायला हात पुढे केला.

"त्या पेटयेक हात लाव, मगे बघतंय तुका!" सासूबाई गरजल्या.

मी टॅब उघडला. नकाशावर माझा ठिपका तोंडवलीसमोर, निळ्याशार पाण्यात, एकटाच निवांत बुडालेला होता. खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटला!