दोन पुढे, एक बाकी

माझ्या आजीला मी चारचौघांत खोटारडी ठरवलं होतं.

आज तिला जाऊन पस्तीस वर्षं झाली.

द्वारकाबाई. रेवदंडा कोळीवाडा. बोंबील सुकवणारी, डोक्यावर टोपली घेऊन चौलपर्यंत चालत जाणारी, नवऱ्याच्या माघारी तीन पोरं वाढवलेली बाई.

आणि गोल्फ चॅम्पियन.

हसू नका. मी हसले होते, त्याचंच हे सांगतेय.

गोष्ट इंग्रजांच्या काळातली, १९३० च्या आसपासची. थंडीत मुंबईचे साहेब लोक आमच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून राहायचे. ओहोटीला वाळू घट्ट होते, तिच्यावर त्यांचा गोल्फ चालायचा. नऊ खड्डे, नऊ झेंडे.

आजी तेव्हा सोळा-सतराची. एका मडमेची बॅग उचलायची, पाण्यात गेलेले चेंडू आणून द्यायची.

जोडीला कोणी नसलं की मडम आजीच्याच हातात काठी द्यायची. टाइमपास म्हणून.

आजी शिकली. वारा कधी फिरतो, वाळू कुठे ओली असते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

एका वर्षी चार मडमांची स्पर्धा ठरली. एक तापाने पडली. जागा भरायला आजीला उभं केलं. अनवाणी, कासोट्याचं लुगडं.

पहिल्या दिवशी आजीने एकीला हरवलं. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी फायनल. तेव्हा कोणी हसलं नाही.

आजीने आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, "बाईसाब, उद्या पुनव हाय. उजाडल्या उजाडल्या चालू करा. दुपारला उधाण हाय."

कोळणीचं कोण ऐकतंय? चहा झाला, नाश्ता झाला, फोटो झाले. मग खेळ.

ज्या खड्ड्यात कमी फटक्यांत चेंडू जाईल तो खड्डा आपला. ज्याचे खड्डे जास्त तो जिंकला. एवढा साधा हिशोब.

आठ खड्डे झाले तेव्हा आजी दोनने पुढे होती. आणि नवव्याचा झेंडा गुडघाभर पाण्यात उभा होता.

मडमा बाजूला जाऊन काहीतरी बोलल्या. मग आजीला सांगितलं, शेवटचा खड्डा खेळला गेला नाही, म्हणजे मॅच झालीच नाही. उद्या पुन्हा.

तिसऱ्या दिवशी तापवाली मडम बरी झाली होती. आजीच्या जागी ती खेळली.

ज्या मडमेला कप मिळाला तिची बॅग त्या दिवशी आजीच्याच खांद्यावर होती.

तंबू उठले तेव्हा आजीला एक जुनी, लोखंडी तोंडाची काठी मिळाली. बक्षीस नव्हे, बक्षिशी. तिने जन्मभर त्या काठीने बोंबलांवरचे कावळे हाकलले.

मी आठवीत असताना माझी मैत्रीण शर्मिला आणि वर्गातल्या दोघीतिघी घरी जेवायला आल्या होत्या. एकीने ती काठी बघून विचारलं, हे काय?

आजी खुलली. हात पुसून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी दोन पुढं व्हती, पोरी. एकच ऱ्हायला व्हता. मी जिकली व्हती."

"मग तो शेवटचा खेळलीस का?" मी विचारलं.

"न्हाय. पानी आला."

"मग जिंकलीस कशी? अर्धवट सोडलेली मॅच! काहीही फेकतेस, आजी."

शर्मिला फिसकन हसली. मग सगळ्याच हसल्या. मी सगळ्यात मोठ्याने.

आजीने माझ्याकडे एकदा बघितलं. मग ताटं पुढे सरकवली. "जेवा," म्हणाली.

त्यानंतर मरेपर्यंत तिने ती गोष्ट कोणालाच सांगितली नाही. तिचं तेरावं झाल्यावर घर आवरताना ती काठी भंगारवाल्याला दिली. दिली म्हणजे, मीच दिली.

गेल्या महिन्यात पनवेलच्या ऑफिसात लंच टाइमला आमचे साहेब मोबाइलवर गोल्फ बघत होते. एकदम म्हणाले, "संपली मॅच."

मी सहज डोकावले. म्हटलं, "सर, अजून एक होल बाकी दिसतोय."

"असू दे ना. तो दोनने पुढे आहे, उरलाय एक. समोरचा आता गाठूच शकत नाही. अशा वेळी शेवटचा होल खेळायचाच नसतो. रूलच आहे. पहिल्यापासून."

मी डबा तसाच ठेवला आणि वॉशरूममध्ये जाऊन दार लावून रडले.

दोन पुढे. एक बाकी.

म्हणजे पाणी यायच्या आधीच ती जिंकली होती. मडमांना नियम ठाऊक होता. आजीलाही होता. त्या दिवशी तिने तेच तर सांगितलं होतं आणि तिच्या शिकलेल्या नातीला साधी वजाबाकी जमली नाही.

मडमांनी कप नेला, ते एक वेळ सोडा. त्या परक्या होत्या. मी तिच्या हातचं जेवत होते.

आता कुठे दाद मागणार? त्या मडमांची नावं आम्हाला माहीत नाहीत. काठीचं लोखंड वितळून गेलं असेल. किनाऱ्यावर खड्डा राहत नाही, भरती बुजवते.

म्हणून इथे लिहून ठेवतेय. रेवदंड्याच्या वाळूवर मडमांना हरवणारी बाई द्वारकाबाई होती. माझी आजी होती.

आजी, चुकले गं. पस्तीस वर्षं उशिरा का होईना, ही तुझ्या नातीची श्रद्धांजली.

बाकीच्यांना एकच विनंती. खाली हात जोडलेले इमोजी नकोत. फक्त "जिंकली" एवढंच लिहा.

शर्मिला, तू पण हसली होतीस. तू पहिली लिही.